फुरसतीचा नकाशा

गेल्या पावसाळ्यात नगररचना शिकणारा एक तरुण माझ्याकडे चार पानांची प्रश्नावली घेऊन आला. दोन टाकीपासून पिला हाऊस आणि गोलपिठ्यापर्यंतचा पट्टा त्याने कॉलेजच्या प्रकल्पासाठी निवडला होता. तिथे ‘रहिवाशांच्या आवडीनुसार’ करमणुकीचा परिसर कसा उभा करता येईल, याचा आराखडा त्याला काढायचा होता. प्रश्न इंग्रजीत होते, वस्ती उर्दू-मराठी बोलणारी. भाषांतर करून द्या, एवढीच त्याची विनंती. पहिला प्रश्न होता, मोकळ्या वेळेत तुम्हाला काय करायला आवडते? खाली चौकोन छापलेले होते. मॉल, फूड कोर्ट, मल्टिप्लेक्स, गेमिंग झोन, खुला रंगमंच, इतर.

भाषांतर तासाभराचे काम होते. पण ‘पिला हाऊस’ हे नाव वाचले आणि मी थांबलो. करमणुकीची वस्ती कशी बसवायची, हा प्रश्न त्या चौकात पावणेदोनशे वर्षांपूर्वी एकदा विचारून झालेला आहे. तेव्हा आराखडा एकाने केला आणि तो भरला दुसऱ्यांनीच. मी त्याला म्हटले, कागद राहू दे, आपण एकदा तिथे जाऊन येऊ.

पिला हाऊस म्हणजे पिवळे घर नव्हे. ‘प्लेहाऊस’ या शब्दाला मुंबईच्या जिभेने दिलेले हे रूप आहे. इंग्रजांचे पहिले नाटकघर कोटातल्या बॉम्बे ग्रीनवर, १७७६ साली उभे राहिले होते. गोऱ्यांसाठी गोऱ्यांनी चालवलेले ते थिएटर कर्जात बुडाले आणि १८३५ मध्ये विकले गेले. मग नव्या नाटकघरासाठी अर्ज-विनंत्या सुरू झाल्या. जगन्नाथ शंकरशेट यांनी ग्रँट रोडवरची आपली जागा दिली आणि १८४६ च्या फेब्रुवारीत तिथे थिएटर सुरू झाले. अपेक्षा अशी की साहेबलोक बग्गीतून येतील, इंग्रजी नाटके पाहतील आणि परत जातील. पण कोटातून ते अंतर त्यांना लांब पडू लागले, आणि आसपास वाढत चाललेली देशी वस्ती त्यांना मानवेना. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

त्या खुर्च्या भरल्या त्या शेजारच्या माणसांनी. मार्च १८५३ मध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने इथे मराठी नाटक केले. त्याच वर्षी पारशी तरुणांनी रुस्तम आणि सोहराबची गोष्ट गुजरातीत रंगवली. पुढच्या दोन-तीन दशकांत या रस्त्यावर एकामागून एक थिएटरे उभी राहिली. १८७१ साली पारशी मंडळींनी एका गुजराती नाटकावरून उर्दू नाटक बसवले आणि त्यांच्या लक्षात आले की गुजरातीला पारशी येतात, मराठीला मराठी येतात, पण उर्दूला सगळेच येतात. हा निर्णय भाषाप्रेमातून आलेला नव्हता, तो गल्ल्याकडे बघून घेतलेला होता. म्हणूनच मला तो जास्त विश्वासार्ह वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आगा हश्र काश्मिरी बनारसहून येऊन मुंबईच्या पारशी कंपन्यांसाठी लिहू लागले, तोवर पिला हाऊसच्या प्रेक्षकाला उर्दू संवादांची चटक लागलेली होती. हिंदी सिनेमा आज जी भाषा बोलतो ती या थिएटरांच्या पिटात घडली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पिटात कोण बसत होते, हे आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, बार्शीकडून मुंबईला आले आणि परळच्या गिरणीत साचे चालवायला लागले. राहायला मदनपुऱ्यात. तिथे १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती होती, आणि गिरणीच्या साचेखात्यात मुसलमान मोठ्या संख्येने होते. त्यामागे एक कटू कारणही होते. धोट्याला धागा लावताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि दलित कामगाराच्या ओठांना लागलेला धोटा आपल्या तोंडाला लावायला सवर्ण तयार नसत. त्यामुळे चांगल्या पगाराचे ते खाते दलितांना बंद होते. दादा सांगत, गिरणीत ज्याला साच्याजवळ उभे राहू देत नसत, तो रात्री थेटरात माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. थेटरात जात तिकिटाची, ते म्हणत. खाली पिट, वर बाल्कनी.

दादांची ही आठवण मी थोडी सावधपणे सांगतो. तिच्यात एक उणीव आहे आणि ती त्यांनी कधी भरली नाही. पिटात बाई नव्हती. फॉकलंड रोड पुरुषांच्या फुरसतीचा रस्ता होता. घर गावी ठेवून आलेल्या हजारो एकट्या पुरुषांनी ही वस्ती जगवली, आणि त्याच पुरुषांसाठी शेजारच्या कामाठीपुऱ्यात गजांआड बायका उभ्या केल्या गेल्या. करमणुकीची वस्ती रहिवाशांच्या आवडीने वाढली, हे खरे. पण कोणत्या रहिवाशांच्या, हे विचारायला हवे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला, तेव्हा कुठे मराठी वाचकाने त्या चौकाची दुसरी बाजू नीट पाहिली.

तमाशाचेही घर इथेच. पठ्ठे बापूराव, मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठऱ्याचे. ब्राह्मण घर, कुलकर्णीपण सगळे सोडून ते फडात उतरले. महार समाजातल्या पवळाबाईंबरोबर त्यांनी मुंबई गाजवली. त्या काळी फॉकलंड रोड हे नाव भल्या घरात उच्चारत नसत. आज या रस्त्याच्या पाटीवर बापूरावांचे नाव आहे. पूर्वेकडच्या ग्रँट रोडच्या पाटीवर मौलाना शौकत अली यांचे. खिलाफत चळवळीचा मौलाना आणि तमाशाचा शाहीर पिला हाऊसच्या नाक्यावर एकमेकांना भेटतात, हे नगरपालिकेच्या नामकरण समितीने ठरवून केले असेल असे वाटत नाही. मला मात्र ते फार योग्य वाटते.

वाचकांना वाटेल की मी नियोजनाबद्दल बोलायचे सोडून आठवणी सांगत बसलो. पण नियोजन झालेच नाही असे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, चाळी बांधल्या. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोडला सिमेंटच्या चाळी उभ्या केल्या. त्यांना आपण अजून बीडीडी म्हणतो. हवा किती, उजेड किती, माणशी किती चौरस फूट, याची मोजदाद झाली. कामगाराने संध्याकाळी कुठे जावे, हा प्रश्न मात्र आरोग्याच्या किंवा बंदोबस्ताच्या खात्यातच राहिला. लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तिच्यात अन्न, जळण आणि दिवाबत्ती, कपडे, भाडे यांचे वेगवेगळे रकाने आहेत. बाकीचे आयुष्य ‘किरकोळ’ या एका डोक्याखाली.

बंदोबस्ताचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईतला सर्वांत मोठा रस्त्यावरचा सोहळा मोहरमचा होता. त्याला करमणूक म्हणणे मला पटत नाही. शोक हा शोकच आहे. पण ताबूत आणि मोहल्ल्यांच्या टोळ्या बघायला, त्यांच्यात नाचायला, नवस फेडायला सगळे शहर उतरत असे, त्यात हिंदू कामगारही मोठ्या संख्येने असत, हे नाकारता येत नाही. १८९३ च्या दंगलीनंतर ही वीण उसवू लागली आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने वेगळी वाट धरली. १९०९ ते १९१६ या काळात एडवर्ड्स पोलीस कमिशनर होते. १९११ च्या मोहरमात गोळीबार झाला, आणि त्यानंतर एडवर्ड्स यांनी असे नियम केले की टोळ्यांच्या मिरवणुका जवळपास संपल्याच. आमच्यातल्या अनेक सुधारकांनाही या टोळ्या नकोच होत्या. धर्माच्या नावाने धिंगाणा चालतो, असे ते म्हणत, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण बंदीने धिंगाणा गेला तसे शेजाऱ्यांचे एकत्र येणेही गेले. तेवढ्या मोठ्या प्रमाणावर हिंदू-मुसलमान कामगारांना एकत्र उभे करणारे दुसरे निमित्त पुढे क्वचितच मिळाले.

असे एक निमित्त गिरणगावाने स्वतः तयार केले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. आमच्या दादांना त्यांचा दुहेरी अभिमान, एक गाववाला म्हणून आणि एक मुसलमान म्हणून. कामगार मैदानावर शेखांचा आवाज मायक्रोफोनशिवाय शेवटच्या माणसापर्यंत जाई, असे दादा सांगत. त्यात थोडी बार्शीची भर असावी. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर हॉल, लालबागचे हनुमान थिएटर, चाळीतले भजन, कोकणातून आलेल्यांचे शक्ती-तुऱ्याचे सामने, मदनपुऱ्यातले मुशायरे आणि कव्वालीचे मुकाबले, सगळे आठ तासांच्या पाळीच्या कडेकडेने वाढले. इस्माईल आझाद यांच्या कव्वालीला सिनेमाने घरोघर नेले, पण दादांच्या मते ऐकावी ती गल्लीत सतरंजीवर. या सगळ्याचा आराखडा कोणी काढला नव्हता. पाळी सुटायची वेळ, चालत जाण्याचे अंतर आणि खिशातली चिल्लर, या तीन गोष्टींनी तो आपोआप काढला होता.

सरकारला लोकांच्या आवडीचा संशय मात्र सतत वाटत आला. ब्रिटिशांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा आणला. स्वातंत्र्यानंतर लगेच आपल्याच सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि ती उठवताना वग आधी तपासून घेण्याची अट घातली. लाल बावटा कलापथकावरही वक्रदृष्टी राहिलीच. दुसऱ्या बाजूला १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा झाला, केंद्रे निघाली, कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. त्यातून चांगले नट आणि लेखक आले, हे श्रेय द्यायलाच हवे.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक कधीच परत आत गेले नाहीत. आमचे अब्बाही. त्या संपाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मी फक्त जमिनीबद्दल बोलतो. १९९१ च्या विकास नियमावलीत कलम ५८ आले. गिरणीची जमीन विकायला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी शहराला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करून बागा, पायवाटा, मोकळ्या जागा कशा जोडता येतील ते मांडले. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची, ज्यावर इमारती होत्या तिची नाही. आणि गिरणीत इमारतींशिवाय असते काय? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. शहराला मिळू शकणाऱ्या बागा कागदावरच आटून गेल्या.

त्याआधी नव्वदच्या दशकाच्या शेवटी लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात बोलिंग अ‍ॅली सुरू झाली होती. तिची परवानगी कामगारांच्या मनोरंजनाची सोय म्हणून घेतली गेली, अशी नोंद गिरणगावाच्या अभ्यासकांनी करून ठेवली आहे. अब्बांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी विचारले, बोलिंग म्हणजे काय? मी हाताने दाखवले. लाकडी बाटल्या उभ्या करतात आणि जड चेंडू सोडून त्या पाडतात. ते म्हणाले, “आम्हाला विचारलं असतं तर कॅरम सांगितला असता.”

रहिवाशांच्या आवडीच्या नावाने झालेल्या नियोजनाचे याहून नेमके उदाहरण माझ्याकडे नाही. आवड लिहून घेतली गेली, फक्त ती दुसऱ्याची होती. मल्टिप्लेक्सना करमणूक करातून सवलत देण्याचे धोरणही २००१ चेच. पिला हाऊसच्या जुन्या पडद्यांवर कर चालूच राहिला. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आणि मॉल आले होते, पूल मात्र गिरणीच्या काळातला होता. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलला आग लागून १४ जण मेले. मोकळ्या वेळेसाठी बांधलेल्या जागेत बाहेर पडायला वाट नव्हती.

यानंतर दोनच वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, मुंबईत रात्रभर दुकाने आणि खानावळी सुरू ठेवण्याचा निर्णय झाला. परवानगी वांद्रे-कुर्ला संकुल, नरिमन पॉइंट, काही गिरण्यांची आवारे अशा ठिकाणी, म्हणजे जिथे लोक राहत नाहीत अशा भागांत. रहिवाशांची झोप मोडू नये, हे कारण रास्त आहे. पण त्यातून निघणारा अर्थ बघा. करमणुकीची जागा म्हणजे जिथे कोणीच राहत नाही ती जागा. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या आसपास महिनाभर रात्री जागतात, आणि वरच्या मजल्यांवर माणसे राहतात, झोपतात, सहेरीला उठतात. तिथला गोंगाट, कचरा, अडलेली अ‍ॅम्ब्युलन्स, सगळे मी बघितले आहे, त्याचे गोडवे गाणार नाही. पण खाली मालपुवा तळणाऱ्याचे घर तिसऱ्या मजल्यावर असते, त्यामुळे भांडण झाले तरी ते शेजाऱ्याशी होते आणि शेजाऱ्यासारखेच मिटते.

तर आम्ही गेलो. दुपारची वेळ. अल्फ्रेड, गुलशन, रॉयल, निशात, न्यू रोशन, एकेक नाव मी त्याला दाखवत होतो. काही थिएटरांना कुलूप, काहींच्या पाट्या अर्ध्या. जुन्या सिनेमाचे हाताने चिकटवलेले पोस्टर. अशा थिएटरात हातगाडीवाले आणि हमाल दुपारी तिकीट काढून पंख्याखाली झोपतात, हे ऐकून तो हसला. मी म्हटले, हसू नकोस, चौकोन वाढव. ‘थंड जागी तीन तास झोपणे’ हीही आवड आहे, आणि लोक तिच्यासाठी पैसे देतात.

प्रश्नावली भरून घेताना एका चाळीच्या जिन्यात आम्हाला सत्तरीच्या एक खाला भेटल्या. बिड्यांच्या कारखान्यात, मग घरी जरीचे काम, मग नातवंडे, असे त्यांचे आयुष्य. त्याने विचारले, खाला, फुरसतीत काय करायला आवडतं? त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, हा मुलगा चेष्टा करतो आहे की काय, अशा नजरेने. मग म्हणाल्या, “फुरसत मिळालीच तर मगरिबनंतर खाली बसावंसं वाटतं. हवा लागेल अशा ठिकाणी. पण बसलं की चहा तरी घ्यावा लागतो, नाहीतर उठवतात. आणि पुरुष उभे असतात तिथे आम्ही कुठे बसणार?” त्याने पुन्हा विचारले, मॉल झाला तर जाल? “मॉलमध्ये तरी बिनपैशाचं बसू देतात का?”

दादांच्या आठवणीतले रिकामे बाक मला तिथे त्या जिन्यात दिसले. पिला हाऊसच्या पावणेदोनशे वर्षांत मराठी, पारशी, मुसलमान, दलित, सगळ्यांच्या आवडीला कधी ना कधी जागा मिळाली. खालांना जिन्यातली तिसरी पायरी मिळाली आहे.

मुलाने त्यांचे उत्तर ‘इतर’ समोर लिहिले. चौकोन लहान होता, म्हणून मागच्या पानावर बाण काढून लिहिले. त्या दिवशी एकोणीस बायकांशी बोलणे झाले. त्यांतल्या अकराजणींनी वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितले. आकडा अगदीच लहान आहे, त्यावरून शहर बांधता येणार नाही, हे मला कळते.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. ‘इतर’ची उत्तरे कोणत्याच गटात बसत नाहीत, तेव्हा आलेखातून तो रकाना काढून टाक, असे त्याला सांगण्यात आले होते. मी म्हटले, आलेख कर तुझा, पण त्या अकराजणींची उत्तरे त्यांच्याच शब्दांत मागे जोड. त्याने विचारले, जशीच्या तशी, उर्दूतच? मी म्हटले, देवनागरीत लिहून दे, वाचतील. आता ती उत्तरे घेऊन तो शुक्रवारी माझ्याकडे येणार आहे. भाषांतर नको म्हणाला, फक्त शुद्धलेखन तपासा.